मर्मावरची गाठ

खारेपाटात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना बांध म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पेण-अलिबागकडची खाडीकाठची भातशेती सारी बांधाच्या जिवावर उभी आहे. भरतीचे पाणी जेथे सरळ येऊन आदळते, किंवा खाडीला जेथे दोन फाटे फुटतात, तेथे बांध आधी झिजतो. मग तो थोडा पोटात आल्यासारखा दिसू लागतो आणि एखाद्या उधाणाला नेमकी तेथेच खांड पडते. खांड पडल्यावर काय करावयाचे याविषयी गावात मतभेद नसतो. सारा गाव धावतो. मतभेद होतो तो खांड पडण्यापूर्वी. फुगलेली जागा उकरून नव्याने भरावी, तर उकरलेली असतानाच उधाण आले म्हणजे काय? आणि तशीच राहू द्यावी, तर ती दहा वर्षे टिकेल की दहा दिवस, हे कोणी सांगावे?

आमच्या आजच्या विषयाचा पेच हाच आहे. फरक एवढाच की, हा बांध माणसाच्या मस्तकात असतो.

मेंदूच्या तळाशी मानेतून वर आलेल्या मोठ्या रोहिण्या एकमेकींना मिळतात व त्यांचे एक कडे तयार होते. इंग्लंडातील टॉमस विलिस याने १६६४ साली त्याचे वर्णन केले म्हणून त्याला विलिसचे कडे म्हणतात. या कड्याला जेथे जेथे फाटे फुटतात, तेथे रक्ताच्या प्रवाहाचा मार भिंतीवर थेट बसतो. काही माणसांत ती भिंत तेथे कमकुवत होते आणि बाहेर फुगा येतो. कधी मुगाएवढा, कधी वाटाण्याएवढा, क्वचित सुपारीहूनही मोठा. यालाच रोहिणीविस्फार, डॉक्टरांच्या भाषेत अॅन्युरिझम, म्हणतात. तो फुटला म्हणजे मेंदूभोवती रक्त पसरते. डोक्यात वीज पडावी तशी कळ येते. आणि अशा रुग्णांपैकी साधारणतः तिघांतील एक दगावतो. जे वाचतात त्यांतलेही पुष्कळजण पूर्वीसारखे राहत नाहीत. फुटलेल्या विस्फारावर उपाय केला पाहिजे याबद्दल वाद नाही. तेथे गाव धावतोच. आम्ही बोलणार आहोत ते न फुटलेल्याविषयी. तेथे शस्त्र धरणारा हात निरोगी, चालत्याबोलत्या माणसावर धरला जातो, आणि म्हणून त्या हाताकडून हिशेबही वेगळा मागितला जातो.

हा विषय आमच्या मनात शिरला त्याचे कारण अगदी घरगुती आहे. नागावच्या आमच्या परिचयाच्या एका वाडीवाल्या घरातील बाईंना चक्कर येऊ लागली. वय छपन्न. मुलाने पनवेलला नेऊन मेंदूचे एम्.आर्.आय्. चित्र काढविले. चक्कर कानाची निघाली आणि पंधरा दिवसांत गेलीही. पण अहवालात एक ओळ जास्तीची होती : मधल्या मेंदूरोहिणीच्या फाट्यावर चार मिलिमीटरचा विस्फार. त्या ओळीने घराची झोप उडविली. शेजारच्यांनी ‘डोक्यात बॉम्ब आहे’ असे नाव देऊन टाकले. बाई मात्र मुंबईच्या शस्त्रवैद्यांपुढे बसल्यावर एकच प्रश्न विचारत्या झाल्या : “आजवर तुमच्या हातून अशी किती झाली, आणि त्यांतली किती बिघडली?” आम्ही तेव्हा बरोबर होतो. आम्ही वैद्य नव्हे. परंतु हा प्रश्न विचारायला, आणि त्याचे खरे उत्तर द्यायला, जगाला किती काळ लागला ते शोधावे असे त्या दिवशी आमच्या मनाने घेतले.

आरंभ घरापासून करू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, अकराव्या अध्यायात, गाठींचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत एक सिराज ग्रंथी आहे. दुर्बल माणसाने शक्तीबाहेर श्रम केल्याने वायू शिरांचे जाळे ओढतो, आवळतो आणि त्यातून वाटोळी, उंच गाठ उत्पन्न होते, असे तिचे वर्णन आहे. पुढचा भाग महत्त्वाचा. ही गाठ दुखती व हलती असेल तर कष्टाने का होईना साध्य आहे. पण न दुखणारी, न हलणारी, मोठी आणि मर्मस्थानी उठलेली असेल तर तिला हात लावू नये. सुश्रुताने मानली ती एकंदर मर्मे १०७. त्यांपैकी ३७ मान व मस्तक यांत आहेत.

सुश्रुताला मेंदूतील विस्फार माहीत होता असा आमचा दावा नाही. आपल्याकडे सर्व शोध आधीच लागले होते असे म्हणणाऱ्यांची एक जात आहे. तिच्यात आम्हांस बसावयाचे नाही. त्याने पाहिली ती त्वचेखालची, बोटाला लागणारी गाठ. आमचे लक्ष वेधले ते निराळ्या गोष्टीने. ज्या ग्रंथाने शस्त्रक्रियेचा एवढा पसारा मांडला, त्यानेच ‘येथे थांब’ हेही स्पष्ट लिहून ठेवले, आणि न दुखणारी गाठ ही दुखणाऱ्या गाठीहून वैद्याला अधिक अडचणीची असते हेही ओळखले.

युरोपात अठराव्या शतकात पादुआच्या मोर्गाञीने शवविच्छेदनांतून रोगांची स्थाने दाखविणारा मोठा ग्रंथ १७६१ मध्ये प्रसिद्ध केला आणि मेल्यानंतर तरी अशा गोष्टी दिसू लागल्या. लंडनच्या जॉन हंटरने १७८५ मध्ये गुडघ्यामागच्या विस्फारासाठी मांडीतील रोहिणी बांधली आणि रुग्णाचा पाय वाचला. मूळ गाठीला हात न लावता तिच्याकडे येणारे पाणी वरच्या अंगाला अडवायचे, ही ती युक्ती. तीच मेंदूसाठी योजली गेली : मानेतील रोहिणी बांधावयाची. पण पायाला रक्त पोहोचवणाऱ्या आडवाटा पुष्कळ असतात, मेंदूच्या आडवाटांचा भरवसा नसतो. रोहिणी बांधली आणि रुग्णाचे अर्धे अंग गेले, असे प्रसंग घडत राहिले. पुढे १९३१ साली एडिंबरोच्या नॉर्मन डॉट याने कवटी उघडून फुटलेल्या विस्फारावर रुग्णाच्याच मांडीतील स्नायूचा तुकडा लपेटला आणि रक्त थांबविले. रुग्ण बरा झाला.

जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्या दिसू लागल्या त्या पोर्तुगालमध्ये. लिस्बनच्या एगास मोनिझने १९२७ साली मानेच्या रोहिणीत द्रव घालून क्ष-किरणांनी त्यांची चित्रे घेतली. सुरुवातीच्या रुग्णांपैकी एकजण या खटाटोपात दगावलाही. मोनिझला नोबेल पारितोषिक १९४९ मध्ये मिळाले ते या उपकारक शोधाबद्दल नव्हे, तर मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, जी नंतर जगाने टाकून दिली. पारितोषिकांचे हे असे असते.

आता २३ मार्च १९३७. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी याच्यापुढे त्रेचाळीस वर्षांचा एक पुरुष होता. डोळा दुखत होता, पापणी पडली होती, बुबुळ हलत नव्हते. डोळ्याला हलवणारा तिसरा मज्जातंतू कशाने तरी दाबला जात होता. डँडीने अनुमान केले की, शेजारच्या रोहिणीवर फुगा आला आहे. त्याने कवटी उघडली, फुगा सापडला, त्याच्या मानेवर चांदीचा बारीक चिमटा बसविला आणि फुगा विद्युत्‌दाहाने आकसून टाकला. काही महिन्यांत डोळा सुधारला. मेंदूतील विस्फाराला चिमटा लावण्याची जगातील ही पहिली शस्त्रक्रिया म्हणून सांगतात. पण एक गोष्ट सांगताना बहुधा गाळली जाते : हा विस्फार फुटलेला नव्हता. म्हणजे या शस्त्रक्रियेचा जन्मच न फुटलेल्यावर झाला. मात्र तो मुका नव्हता. त्याने पापणी पाडून आपले अस्तित्व कळविले होते. सुश्रुताच्या भाषेत, ही गाठ दुखती होती.

आपल्या देशात मेंदूची स्वतंत्र शल्यचिकित्सा स्वातंत्र्यानंतर आली : वेल्लोरला १९४९ मध्ये जेकब चँडी, मद्रासला १९५० मध्ये राममूर्ती, मुंबईत १९५१ मध्ये राम गिंडे. १९६९ साली राममूर्तींनी एक निबंध लिहून भारतात मेंदूतील विस्फार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतात असे मांडले. त्यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. आम्हांला या किनाऱ्यावरचे दिवस आठवतात तेव्हा एक शंका येते. त्या काळी श्रीवर्धनला किंवा मुरुडला कोणाच्या डोक्यात एकाएकी कळ येऊन तो कोसळला, तर मुंबईच्या रुग्णालयाच्या वहीत त्याचे नाव लागावे कसे? रेवसहून लाँच, तीही हवामान असेल तर; नाहीतर खाड्यांना वळसे घालीत रस्ता. घरच्यांनी ‘वारे गेले’ म्हणायचे आणि पुढच्या तयारीला लागायचे. वहीत न आलेला रुग्ण मोजला जात नाही, हे या विषयात पदोपदी लक्षात ठेवावे लागते.

तोपर्यंत न फुटलेला विस्फार ही दुर्मीळ वस्तू होती. तो सापडे तो बहुधा दुसरा फुटलेला शोधताना. अमेरिकेचे जो बायडेन, जे २०२१ ते २०२५ या काळात राष्ट्राध्यक्ष होते, यांचे असेच झाले. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्यांच्या फुटलेल्या विस्फारावर शस्त्रक्रिया झाली; मग फुफ्फुसात रक्ताची गुठळी गेली; आणि मे महिन्यात दुसऱ्या बाजूच्या, न फुटलेल्या विस्फारासाठी कवटी पुन्हा उघडावी लागली. सिनेटमध्ये परतायला त्यांना सात महिने लागले. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा उपद्रव मेंदूतच होतो असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

मग आली नवी यंत्रे. १९७१ मध्ये संगणकीय क्ष-किरण चित्र, आणि पुढच्या दशकात एम्.आर्.आय्. डोके दुखले, काढा चित्र. पडला, काढा चित्र. हॉलंडमधील रॉटरडॅम येथे पंचेचाळिशीच्या पुढील २,००० माणसांची चित्रे काढून पाहिली, तेव्हा १.८ टक्के लोकांच्या मेंदूत विस्फार निघाला. हा निबंध २००७ चा आहे. म्हणजे शंभरांत जवळजवळ दोघे. भरलेल्या एस्.टी. गाडीत एखादा तरी असायचाच! त्यांतले बहुसंख्य विस्फार जन्मभर फुटत नाहीत आणि माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो. मुकी गाठ यंत्राने बोलकी केली, आणि सुश्रुताचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

येथून पुढे इतिहास आकड्यांचा आहे. शस्त्रवैद्य आपापल्या रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध करीत. १९९४ मध्ये अशा निबंधांतील ७३३ रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा मृत्यू १ टक्का आणि कायमचे अपंगत्व सुमारे ४ टक्के असे निघाले. चांगले वाटले. चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, अधिक मोठा संग्रह पाहिला, २,४६० रुग्णांचा. तेव्हा मृत्यू २.६ टक्के आणि अपंगत्व १०.९ टक्के झाले. त्याच वर्षी अमेरिका, कॅनडा व युरोपातील ५३ केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासाचा पहिला वृत्तांत आला. त्यात, ज्यांना पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला नव्हता अशा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी १५.७ टक्के वर्षाच्या अखेरीस मृत किंवा अपंग होते. उलट १० मिलिमीटरांहून लहान विस्फार तसेच ठेवले, तर फुटण्याचे प्रमाण वर्षाला ०.०५ टक्के निघाले. शस्त्रवैद्यांच्या जगात खळबळ उडाली.

एवढी तफावत कशी पडली? कोणी लबाडी केली म्हणून नव्हे. एक तर ज्याचे निष्कर्ष उत्तम तोच निबंध लिहितो. ज्याचे वाईट तो गप्प बसतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. पूर्वी मोजत ते हात-पाय-वाचा. रुग्ण चालत घरी गेला की तो ‘बरा’ या रकान्यात पडे. नव्या अभ्यासाने स्मरण व बुद्धी यांचीही परीक्षा घेतली, आणि जो चालत घरी गेला पण हिशेब ठेवू शकत नाही, त्यालाही बिघडलेल्यांत धरले. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक पाऊल कोणते असेल तर हे. बाजारातून काय आणायचे ते विसरणारी, नातवावर अकारण ओरडणारी बाई ‘बरी’ आहे की नाही, हे शस्त्रगृहात नव्हे, स्वयंपाकघरात ठरते.

या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. जे विस्फार धोक्याचे दिसले त्यांवर डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि निरुपद्रवी वाटले ते ठेवून दिले. मग ठेवलेले कमी फुटले यात नवल कोणते? याच अभ्यासाचा पुढील भाग २००३ मध्ये आला, ४,०६० रुग्णांचा. पूर्वी रक्तस्राव न झालेल्यांत, मेंदूच्या पुढील भागातील ७ मिलिमीटरांखालचे विस्फार पाच वर्षांत फुटले नाहीत. १३ ते २४ मिलिमीटरचे १४.५ टक्के फुटले. २५ व त्याहून मोठे ४० टक्के. मागील बाजूचे प्रत्येक मापाला अधिक धोक्याचे. जपानातील ५,७२० रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यात फुटण्याचे सरासरी प्रमाण वर्षाला ०.९५ टक्के होते, आणि फुग्यावर आणखी एक छोटा फुगा आला असेल तर धोका वाढतो असे दिसले. थोडक्यात, माप, जागा आणि आकार. बांधाची पारख करणारा अनुभवी शेतकरी हेच तीन पाहतो.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत बिघडते काय, ते पाहू. कानाच्या पुढे, केसांच्या रेषेत छेद घेतात. कपाळाची भुवई उचलणारा बारीक तंतू तेथून जातो. तो दुखावला की एक भुवई पडलेली राहते. चावण्याचा स्नायू सोडवावा लागतो. नंतर काही महिने घास चावताना दुखते आणि कानशिलात खळगा पडतो. मग मेंदूच्या दोन पाळ्यांमधली फट उघडीत आत जायचे. मेंदू जोराने बाजूला धरला तर सुजतो, कधी आत रक्त साकळते, पुढे फेफरे येतात. गंधतंतू ताणले गेले तर वास जातो. कोकणातल्या माणसाला ताज्या बोंबलाचा वास येऊ नये म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको!

खरा धोका शेवटच्या चार मिलिमीटरांत असतो. फुगा मोकळा करताना फुटू शकतो. मग वरची रोहिणी तात्पुरती आवळून, घड्याळाकडे नजर ठेवून, काम उरकावे लागते. पण शस्त्रवैद्य भितात ते फुटण्याला तितके नाही, जितके केसासारख्या बारीक फांद्यांना. फुग्याच्या मानेला चिकटून या फांद्या मेंदूच्या गाभ्यात जातात. एखादी चिमट्यात सापडली, तर फुगा उत्तम बंद होतो आणि रुग्ण शुद्धीवर येतो तो अर्धांगवायूने. चिमटा अंमळ आत बसला तर मूळ रोहिणीच आवळते. अंमळ बाहेर बसला तर मान उघडी राहते आणि फुगा पुन्हा वाढतो. दोन्ही पुढच्या रोहिण्या जोडणाऱ्या पुलावर विस्फार असेल, तर बारीक फांद्या गेल्याने स्मरण आणि स्वभाव बिघडतात. दृष्टितंतूजवळ असेल तर डोळा जाऊ शकतो. झ्यूरिखच्या यासारगिलने १९६७ पासून सूक्ष्मदर्शकाखाली ही कामे करण्याची पद्धत घालून दिली, त्यामुळे या फांद्या निदान दिसू लागल्या. आता चमकणारा द्रव शिरेत सोडून त्यांतून रक्त वाहते की नाही हे जागच्या जागी पाहता येते. वय वाढले, विस्फार मोठा किंवा मागच्या बाजूला असला, की या साऱ्या धोक्यांत भर पडते.

खुद्द चिमट्यानेही एक अनर्थ करून दाखविला. जुने काही चिमटे लोहचुंबकाला ओढले जाणारे होते. असा चिमटा डोक्यात असलेल्या रुग्णाला एम्.आर्.आय्. यंत्रात ठेवताना तो हलला, रोहिणी फाटली आणि रुग्ण दगावला, अशी हकीकत १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. आता चिमटे टायटॅनियमसारख्या धातूंचे असतात. लोखंड कोठे असू नये याचा विचार अलिबागकरांना नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या होत्या, तेव्हा कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये येथे आणली गेली. इमारतीसाठी पोरबंदरी दगड निवडला आणि लोखंड दूर ठेवले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, आणि मगच जुनी जागा सोडली. संचालक मूस यांची ही शिस्त आम्हांला न फुटलेल्या विस्फाराच्या अभ्यासकांतही हवीशी वाटते. कारण ‘उपचार बरा की नुसते पाहणे बरे’ हे चिठ्ठी टाकून तपासण्यासाठी २००६ मध्ये एक आंतरराष्ट्रीय प्रयोग सुरू झाला, तो ८० रुग्णांवरच २००९ मध्ये बंद पडला. पुरेसे लोक त्यात आलेच नाहीत. आपल्या डोक्यातील गाठीचा निर्णय चिठ्ठीवर सोडायला कोण तयार होईल? आणि खरे बोलायचे तर, डॉक्टरही फारसे तयार नव्हते.

कवटी न उघडण्याची वाट इटालियन डॉक्टर गुग्लिएल्मी यांनी लॉस एंजलिसला काढली. मांडीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे भरावयाचे, आणि विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने ते तेथे सोडून द्यायचे. पहिला रुग्ण १९९० चा. ही वाट सोपी दिसते. पण गुठळी सुटून अर्धांग जाणे, नळीने फुगा फुटणे, आणि काही वर्षांनी वेटोळे दबून फुगा पुन्हा भरणे, हे तिचे उपद्रव आहेत. लाखावर रुग्णांचा एक आढावा २०१९ मध्ये आला. उपद्रवाचे प्रमाण नळीच्या उपायात सुमारे ५ टक्के आणि चिमट्याच्या शस्त्रक्रियेत सुमारे ८ टक्के; मृत्यू दोन्हींत अर्ध्या टक्क्याहून कमी. सुधारणा मोठी आहे. तरी बारांतील एक हा आकडा, चक्कर थांबलेल्या माणसाला, लहान वाटत नाही.

नागावच्या बाईंना शस्त्रवैद्यांनी आपले आकडे सांगितले. न रागावता, बिघडलेल्यांसह. मग म्हणाले, “तुमचं वय, हे माप, ही जागा. आज मी हात लावणार नाही. वाढला तर लावीन.” बाईंनी विचारले, “वाढला हे कळायच्या आधीच फुटला तर?” ते म्हणाले, “तसं होऊ शकतं. त्याचा धोका कमी आहे, शून्य नाही.” आम्हांला हे उत्तर फार मोलाचे वाटले, कारण यात धीर होता पण खोटा भरवसा नव्हता. शेजारी एका तरुण शिक्षकाला, ज्याचा विस्फार मोठा आणि वेडावाकडा होता, त्यांनी त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. खर्चाची चिंता अशा घरांत पहिली असते. सरकारी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत आपला रायगडही होता, आणि मेंदूच्या काही शस्त्रक्रिया तिच्यात बसतात, हे ठाऊक असलेले बरे.

बाई दरवर्षी चित्र काढून येतात. मांडव्याच्या लाँची पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या आत. गेल्या खेपेलाही चार मिलिमीटरच होता. रक्तदाबाची गोळी नेमाने चालू आहे. मिश्री मात्र अजून सुटलेली नाही. तेथे डॉक्टरांपेक्षा नातीचा धाक अधिक चालेल असे घरच्यांना वाटते.